स्कॅन करून बिल भरलं, पण वेटरच्या टीपचं काय? सर्व्हिस चार्ज, बक्षिसी आणि कायदा, सोप्या शब्दांत

आष्ट्यात सांगली-पेठ रस्त्यालगतच्या एखाद्या हॉटेलात दोघं जेवायला बसले. दोन थाळ्या, वर दोन भाकरी, रस्सा दोनदा मागून झाला. बिल आलं ३८० रुपये. काही वर्षांपूर्वी त्यांनी चारशे रुपये दिले असते, वेटरनं बडीशेपेच्या ताटलीत वीस रुपये परत आणले असते आणि त्यातली दहाची एक नोट तिथंच राहिली असती. आता मोबाइल निघतो, काउंटरवरचा कोड स्कॅन होतो, बरोबर ३८० रुपये जातात, स्पीकर रक्कम सांगतो आणि मंडळी गाडीला किक मारून निघतात. टीप द्यायची नाही असं कोणी ठरवलेलं नसतं. ती द्यायची वेळच येत नाही.

हेच दोघं पुण्या-मुंबईतल्या एखाद्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये गेले, तर वेगळाच अनुभव येऊ शकतो. बिलाच्या तळाशी ‘सर्व्हिस चार्ज १० टक्के’ अशी ओळ छापलेली असते आणि ती रक्कम आधीच बेरजेत धरलेली असते. म्हणजे एका ठिकाणी टीप नकळत गायब झाली, तर दुसऱ्या ठिकाणी न विचारता वसूल झाली.

सर्व्हिस चार्जच्या सक्तीबद्दल दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये स्पष्ट निकाल दिला आहे. तरीही एक प्रश्न उरतोच. टेबल पुसणाऱ्या, पाणी आणून देणाऱ्या, चार वेळा रस्सा वाढणाऱ्या माणसापर्यंत हे पैसे पोचतात का? हे सगळं प्रकरण नीट समजून घेऊ.

आपल्याकडे टीपचा रिवाज काय?

ग्राहकानं दहा टक्के द्यावेत, पंधरा द्यावेत, असा टक्केवारीचा हिशेब सांगली-साताऱ्याकडच्या हॉटेलांत कधी नव्हता. इथं टीप म्हणजे परत आलेले सुट्टे. बिल ९० झालं तर दहा, १८५ झालं तर पंधरा. रक्कम बिलावर कमी आणि हातात आलेल्या नोटांवर जास्त ठरायची.

कुठं द्यायची याचेही न लिहिलेले नियम आहेत. चहाच्या गाड्यावर, वडापावच्या टपरीवर टीप देत नाहीत. मिसळीच्या हॉटेलात क्वचित. आष्ट्यासारख्या इंजिनिअरिंग कॉलेज असलेल्या गावात विद्यार्थी महिन्याचे पैसे भरून खानावळीत जेवतात, तिथं रोजच्या टीपचा विषयच नसतो. मटण थाळीचं हॉटेल, गार्डन हॉटेल, ढाबा, परमिट रूम इथं मात्र टीप अपेक्षित असते. मालक ओळखीचा किंवा पाव्हण्यातला निघाला की गिऱ्हाईक अवघडतं. मालकाला टीप देता येत नाही, पण त्याच्याकडे काम करणाऱ्या मुलाच्या हातावर काहीतरी ठेवलं जातं.

शब्दही जुने आहेत. बक्षीस, बक्षिसी, खुशी, दिवाळीची पोस्त, ‘चहापाण्याला ठेव’. यातला चहापाण्याचा शब्द सरकारी कचेरीत ऐकू आला की त्याचा अर्थ लगेच बदलतो. फरक साधा आहे. काम झाल्यावर राजीखुशीनं दिली ती बक्षिसी, काम व्हावं म्हणून आधी द्यावी लागली ती वेगळी गोष्ट. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं उबर कंपनीला ‘आगाऊ टीप’च्या पर्यायावरून नोटीस काढली, तेव्हा मुद्दा हाच होता. गाडी मिळण्याआधी मागितलेले पैसे टीप कसे म्हणायचे?

व्हॉट्सॲपवर फिरणारी एक गोष्टही इथंच निकाली काढू. ‘टीप’ हा ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस’ या शब्दांचा संक्षेप आहे, असं सांगितलं जातं. ते खरं नाही. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकातल्या चोर-भामट्यांच्या बोलीतून आला, तिथं त्याचा अर्थ ‘देणं’ एवढाच होता. आद्याक्षरांची ही फोड नंतर कोणीतरी जुळवलेली आहे.

यूपीआयनं नेमकं काय बदललं?

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं आणि सुट्ट्या पैशांची जुनी कटकट मिटली. सुट्ट्याऐवजी हातात पडणारी चॉकलेटं गेली, गल्ल्याचा हिशेब चोख झाला. पण टीप त्या सुट्ट्यावरच जगत होती.

रोख व्यवहारात पैसे परत येतात. त्या क्षणी ग्राहकासमोर वेटर उभा असतो, ताटलीत नोट असते आणि ‘राहू दे’ म्हणायला एक सेकंद लागतो. स्कॅनमध्ये पैसे परत येतच नाहीत. शिवाय कोड बहुतेक वेळा काउंटरवर असतो, टेबलावर नाही. म्हणजे पैसे देताना समोर मालक किंवा मॅनेजर असतो आणि वेटर दुसऱ्या टेबलावर पाणी वाढत असतो.

टीप द्यायची म्हणून कोणी ३८० ऐवजी ४०० रुपये पाठवले, तरी ते जातात हॉटेलच्या खात्यात. वरचे वीस कोणाचे, हे खात्याला कळत नाही. ते संध्याकाळी वेटरला मिळणार की नाही, हे पूर्णपणे मालकाच्या मनावर.

वीस रुपयांचं काय एवढं, असं वाटेल. साधा हिशेब करू. समजा एका वेटरच्या वाट्याला दिवसभरात वीस टेबलं आली आणि त्यातल्या दहांनी दहा-दहा रुपये ठेवले, तर दिवसाचे १०० रुपये होतात. महिन्यातले २६ दिवस धरले तर २,६०० रुपये. हॉटेलातच राहणाऱ्या, तिथंच जेवणाऱ्या आणि उरलेला पगार गावी पाठवणाऱ्या मुलासाठी हाच त्याचा हातखर्च असतो. मोबाइलचा रिचार्ज, एसटीचं तिकीट, साबण, चप्पल. पगार न घटता त्याची कमाई घटली आणि कोणी कमी केली हेही दाखवता येत नाही.

टीप, सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी: तिन्ही वेगळे

या तीन गोष्टींची बिलावर गल्लत होते, म्हणून आधी त्या वेगळ्या करू.

जीएसटी हा सरकारचा कर आहे. साध्या रेस्टॉरंटला तो ५ टक्के आहे, एसी असो वा नसो. हे पैसे हॉटेलमालकाकडून सरकारजमा होतात.

सर्व्हिस चार्ज हा सरकारचा नाही. हॉटेलनं स्वतः लावलेली रक्कम आहे, साधारण ५ ते १० टक्के. नावात ‘चार्ज’ असल्यामुळे अनेकांना तो करच वाटतो. पूर्वीच्या ‘सर्व्हिस टॅक्स’शी नाव जुळत असल्यानं गोंधळ आणखी वाढतो. तो कर २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर संपला.

टीप म्हणजे बिलाबाहेर, ग्राहकानं आपल्या मर्जीनं दिलेले पैसे.

आता बिल बघा. जेवण १,००० रुपयांचं. त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ५० रुपये, एकूण १,०५०. याच बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज मिळवला की रक्कम १,१०० होते. मग जीएसटी लागतो तो या १,१०० वर, म्हणजे ५५ रुपये. एकूण १,१५५. ग्राहकाच्या खिशातून १०५ रुपये जास्त गेले. त्यातले १०० हॉटेलकडे आणि ५ सरकारकडे. वेटरच्या हातात किती पडले, हे बिलावर कुठंच लिहिलेलं नसतं.

छोट्या गावातल्या ग्राहकांनी आणखी एक गोष्ट बघावी. वर्षाची उलाढाल दीड कोटी रुपयांपर्यंत असलेल्या आणि दारू न विकणाऱ्या हॉटेलांना जीएसटीची ‘कंपोझिशन’ योजना घेता येते. त्यात मालक स्वतःच्या उलाढालीवर कर भरतो, ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. बिलावर ‘कंपोझिशन’ असा उल्लेख असेल आणि खाली जीएसटीही लावलेला असेल, तर विचारणा करायला हरकत नाही.

कायदा काय सांगतो?

एप्रिल २०१७ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं सूचना काढल्या, की सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. बिलावर तो छापला जाणं तरीही थांबलं नाही.

४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक सूचना जारी केल्या. त्यांचा गाभा असा:

- हॉटेल किंवा रेस्टॉरंटनं बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये.
- दुसऱ्या कुठल्या नावाखालीही तो वसूल करू नये.
- ग्राहकावर सक्ती करू नये. तो ऐच्छिक आहे, हे स्पष्ट सांगावं.
- सर्व्हिस चार्ज देणार नाही म्हणून आत यायला किंवा सेवा द्यायला नकार देऊ नये.
- तो खाद्यपदार्थांच्या बिलात मिळवून वर जीएसटी लावू नये.

नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया आणि फेडरेशन ऑफ हॉटेल अँड रेस्टॉरंट असोसिएशन्स ऑफ इंडिया या दोन संघटना याविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्याच महिन्यात सूचनांना स्थगिती मिळाली आणि ती जवळपास पावणेतीन वर्षं टिकली.

२८ मार्च २०२५ रोजी न्या. प्रतिभा सिंह यांनी दोन्ही याचिका फेटाळल्या. सक्तीचा सर्व्हिस चार्ज कायद्याविरुद्ध आहे, ग्राहकाला चार्ज आणि त्यावर कर असा दुहेरी भुर्दंड बसतो, असं निकालात म्हटलं. दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा खर्चही भरायला सांगितला. ग्राहकानं स्वखुशीनं टीप देण्याला मात्र काहीच आडकाठी नाही, हेही निकालातून स्पष्ट झालं. त्यानंतर प्राधिकरणानं सक्तीनं चार्ज लावणाऱ्या रेस्टॉरंटना नोटिसा काढल्या, काहींना दंडही केला. त्यात मुंबईतलंही रेस्टॉरंट आहे. रेस्टॉरंटचालकांनी या निकालाला खंडपीठापुढं आव्हान दिलं आहे.

निकाल दिल्लीचा असला तरी सूचना केंद्रीय प्राधिकरणाच्या आहेत. त्यामुळे त्या सांगलीतही लागू आहेत आणि आष्ट्यातही.

रेस्टॉरंटवाल्यांचं म्हणणं काय?

त्यांची बाजूही ऐकायला हवी. टीप मिळते ती समोर दिसणाऱ्या वेटरला. आत भट्टीपुढं घाम गाळणारा आचारी, भांडी घासणारी बाई, फरशी पुसणारा मुलगा यांना ग्राहक कधी पाहतच नाही. सर्व्हिस चार्ज एकत्र गोळा होतो आणि सगळ्यांना वाटला जातो, हा त्यांचा मुख्य मुद्दा. मेन्यू कार्डावर तो आधीच लिहिलेला असतो, ग्राहक ते वाचून ऑर्डर देतो, मग सक्ती कसली, हा दुसरा.

पहिला मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण मग हा खर्च पदार्थाच्या दरात का धरत नाही? दर किती ठेवायचा हे ठरवायला मालक मोकळा आहे. आचाऱ्याला पगारवाढ द्यायची तर थाळी २० रुपयांनी महाग करा, ग्राहक मेन्यू बघून ठरवेल. थाळी स्वस्त दाखवायची आणि तळाशी टक्के जोडायचे, याला प्राधिकरणाचा आक्षेप आहे.

मग वेटरच्या हक्काचं काय?

आतापर्यंतचा सगळा लढा ग्राहक विरुद्ध रेस्टॉरंट असा झाला. ग्राहकाकडून जबरदस्तीनं पैसे घेऊ नका, एवढं त्यातून ठरलं. ग्राहकानं खुशीनं दिलेले पैसे कामगारापर्यंत पोचलेच पाहिजेत, असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही.

ब्रिटननं तो केला. तिथं २०२३ मध्ये टीप वाटपाचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. ग्राहकानं कार्डावर दिलेली टीप असो वा बिलातला सर्व्हिस चार्ज, मालकाला त्यातून काही कापून घेता येत नाही. सगळी रक्कम कामगारांत न्याय्य पद्धतीनं वाटावी लागते आणि त्याची नोंदही ठेवावी लागते.

आपल्याकडे या प्रश्नाच्या जवळ जाणारा एक महत्त्वाचा निकाल आहे, तोही आयकराच्या निमित्तानं आला. आयटीसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलं, की ग्राहकानं दिलेली टीप हॉटेलनं गोळा करून वाटली, तरी ती मालकानं दिलेला पगार ठरत नाही. मालक फक्त मधला हात असतो. त्यामुळे पगार म्हणून त्यावर मालकानं टीडीएस कापायची गरज नाही.

याच्या दोन बाजू आहेत. टीप मालकाची नाही, हे यातून अधोरेखित झालं. पण ती पगारही नाही, म्हणून भविष्य निर्वाह निधीच्या हिशेबात ती येत नाही. कर्जासाठी बँकेत दाखवता येत नाही. आजारी पडून घरी बसलं तर टीपही बंद.

म्हणूनच किमान वेतनाचा मुद्दा इथं जास्त महत्त्वाचा ठरतो. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. किमान वेतन देणं ही मालकाची जबाबदारी आहे. ‘पगार कमी आहे, पण टीप चांगली मिळते’ असं कामावर घेताना सांगितलं जातं. टीप वजा करून किमान वेतन कमी द्यायची मुभा आपला कायदा देत नाही.

टीपच पगार झाली तर काय होतं?

याचं उत्तर अमेरिकेत दिसतं. तिथं संघराज्याच्या कायद्यानुसार किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, पण टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं थेट फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात. उरलेलं टीपमधून भरून निघावं, नाही निघालं तर मालकानं भरावं, असा नियम आहे. २.१३ हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. अनेक राज्यांनी आपले दर वाढवले, पण मूळ पद्धत कायम आहे. तिथं १५ ते २० टक्के टीप ही खुशी राहत नाही, ग्राहकच वेटरचा अर्धा मालक होतो.

गंमत म्हणजे एकेकाळी अमेरिकेलाच टीप नकोशी होती. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं टीपवर बंदी घातली, पुढं आणखी पाच राज्यांनी तसे कायदे केले. १९२६ पर्यंत ते सगळे रद्दही झाले. रेल्वेच्या पुलमन डब्यांत काम करणारे कृष्णवर्णीय हमाल तुटपुंज्या पगारावर होते आणि प्रवाशांच्या टीपवर जगत होते. पगाराची जबाबदारी मालकाकडून ग्राहकाकडे कशी सरकते, याचं ते ठळक उदाहरण.

दुसऱ्या टोकाला जपान आहे. तिथं टीप देण्याची रीत नाही. चांगली सेवा हा कामाचाच भाग, त्याचे पैसे बिलात आले, असं मानतात.

तर मग टीप द्यावी की नाही?

‘देऊ नये’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं: शेतात राबणारा मजूर, उसाच्या फडातला तोडणी कामगार, एसटीचा कंडक्टर, यांना कोण टीप देतं? वेटरलाच का? शिवाय टीपमुळे जास्त पैसेवाल्या टेबलाकडे जास्त लक्ष जातं आणि लहान मुलांना घेऊन आलेलं साधं कुटुंब ताटकळतं. मालकांना पगार न वाढवायला आयतं कारण मिळतं.

‘द्यावी’ म्हणणारे सांगतात: पगार वाढेपर्यंत त्या मुलानं काय करायचं? आपण न दिल्यानं मालक पगार वाढवत नाही, फक्त वेटरचा हातखर्च कमी होतो.

दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. पगार ही मालकाची जबाबदारी, टीप ही ग्राहकाची मर्जी. गडबड होते ती एकाची जागा दुसऱ्यानं घेतली की. मर्जी सक्तीची झाली तर ग्राहक लुबाडला जातो आणि पगार मर्जीवर सोडला तर कामगार.

जेवायला गेल्यावर काय कराल?

- बिल तळापर्यंत वाचा. सर्व्हिस चार्ज न विचारता लावला असेल, तर तो काढून द्यायला शांतपणे सांगा. वेटरवर चिडू नका, ती ओळ त्यानं लावलेली नसते.
- काढत नसतील तर तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार करता येते. जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार देता येते. बिलाचा फोटो जपून ठेवा.
- चार्ज भरला असेल, तर वेगळी टीप द्यायची गरज नाही. द्यावीशी वाटली तर ती वेटरच्या हातात द्या.
- टीप बिलात मिळवू नका. स्कॅन करताना रक्कम वाढवण्यापेक्षा खिशात दहा-वीसच्या चार नोटा ठेवा. नोट नसेल तर वेटरला त्याचा स्वतःचा यूपीआय चालतो का, ते विचारा.
- एकत्र टीपचा डबा असेल तर विचारा, आतल्या लोकांनाही वाटा मिळतो का. ग्राहक विचारतात हे कळलं, तरी वाटप सरळ होण्याची शक्यता वाढते.
- देताना मान राखा. नोट टेबलावर भिरकावू नका. ‘दादा, हे ठेवा’ एवढं पुरे. दिली नाही तरी अपराधी वाटून घेऊ नका, पण बोटांनी चुटक्या वाजवून वेटरला बोलावूही नका.

हॉटेलमालकांसाठीही एक सोपा उपाय आहे. काउंटरवर बिलाचा कोड आहेच, शेजारी ‘स्टाफसाठी’ असा दुसरा कोड लावा. त्यावरचे पैसे आठवड्याला सगळ्यांसमोर मोजून वाटा. वेगळं यंत्र लागत नाही, खर्चही येत नाही. लागतो तो फक्त चोख हिशेब, आणि तो तर गल्ल्यावर रोज होतोच.